दशावतारी एकांकिका: यंत्राला कुठवर आत घ्यायचं

३ ऑगस्ट २०२५

एकांकिकेचा ढाचा ठरला. दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला एक नट जत्रेच्या रात्री देवळाच्या पडवीत रंगायला बसलाय आणि कंपनीने आज अचानक त्याला राजाचं सोंग दिलंय. पन्नास मिनिटांच्या आत संपवायची. चार पात्रं, एक पखवाज. पखवाजावरून दिग्दर्शकाचं आणि माझं आत्ताच वाजलंय, त्याची नोंद पुढे येईलच.

या नोंदी ठेवायचं कारण असं, की आमच्या गटात सगळेच कशा ना कशासाठी एआय वापरतात आणि कुणीच बोलत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. मागच्या नाटकातला एक संगीताचा तुकडा कुठून आला ते प्रयोगानंतर कळलं आणि त्यावरून दोन जणांत अजून बोलणं नाही. यावेळी कोणतं काम यंत्राला दिलं, का दिलं आणि कोणतं दिलं नाही हे लिहून ठेवणार. गटात कुणालाही वाचता येईल.

सध्या माझ्यापुरतं ठरवलंय ते एवढंच: संवाद शेवटच्या खर्ड्यापर्यंत मी लिहिणार. हॉलच्या तारखांचे अर्ज, खर्चाचा तक्ता, महोत्सवाला पाठवायचा इंग्रजी सारांश ही कामं एआयने खुशाल करावीत, त्यात माझं काही अडकलेलं नाही. या दोन टोकांच्या मधलं सगळं त्या त्या वेळी बघू. दिग्दर्शक म्हणाला, "नियम कसले करतोस, नाटक उभं राहिलं म्हणजे झालं."

हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यानंतरच्या करारातली एक गोष्ट मला फार पटली होती. लेखकावर एआय वापरायची सक्ती करता येत नाही, आणि कंपनीने एआयचा मजकूर हातात ठेवला तर तो एआयचा आहे हे सांगावं लागतं. आमच्यावर सक्ती करायला कुठला स्टुडिओ नाही. आमच्यावर सक्ती असते ती तारखेची. रात्री साडेबाराला उद्याच्या वाचनाचा प्रवेश हातात नसतो, तेव्हा माणूस काय करतो हा खरा प्रश्न.

१७ ऑगस्ट

माहिती गोळा करतोय. यंत्राला दशावताराचा क्रम विचारला. त्याने मत्स्य, कूर्म, वराह असे दहाही अवतार रंगमंचावर ओळीने आणून उभे केले. नाव वाचून कुणीही हेच सांगेल. सिंधुदुर्गातल्या जत्रेत एकदा जरी जागरण केलं असेल तर माहीत असतं, की आधी आडदशावतार होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, वेद पळवणारा संकासुर येऊन लोकांना हसवतो, आणि मग मुख्य आख्यान लागतं. पहाटे दहीकाला. माझी आजी तर या सगळ्यालाच 'दहीकालो' म्हणायची.

गंमत म्हणजे चूक दाखवल्यावर त्याने नम्रपणे माफी मागितली आणि दुसरी, आणखी सुबक चूक केली. म्हणून माहितीसाठी वापरायची माझी रीत ठरली: त्याला उत्तर विचारायचं नाही, मी कोणते प्रश्न विसरतोय ते विचारायचं. त्याने दिलेल्या यादीत एक प्रश्न कामाचा निघाला: "नट रंगायला बसल्यावर त्याला आरसा कोण धरतं?" हा मला सुचला नसता. उत्तर गावातच मिळेल.

२९ ऑगस्ट, कुडाळ तालुका

गणपतीसाठी आलोय. आरत्या आटपून तात्यांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, चाळीसेक वर्षं स्त्रीपार्टी केली. माझं नाटक त्यांच्यावर नाही, पण त्यांच्याशिवायही नाही.

फोन पुढे ठेवून विचारलं, "तात्यानू, ह्या रेकॉर्ड करू काय?"

"कर मा. पण मगे खंय घालतलंस ता सांग."

ऑगस्टच्या सुरुवातीला मी जे नियम लिहिले त्यात हा प्रश्न नव्हता. मी फक्त माझ्या लिखाणाचा विचार केला होता. तात्यांचं बोलणं कुठे जाणार? नेहमीप्रमाणे एखाद्या ऑनलाइन सेवेवर चढवून लिखित उतारा काढला असता तर ते कुणाच्या तरी सर्व्हरवर गेलं असतं आणि तिथून पुढे कुठे, हे मी त्यांना सांगू शकलो नसतो. म्हटलं, "खंय नाय. माझ्याच लॅपटॉपात रवतला." आता तसंच करायला हवं.

तात्यांनी जे सांगितलं त्यातला एक भाग इथे उतरवून ठेवतो, नाटकात तो कुठे ना कुठे येणारच. आख्यान रात्रभर चालतं, पण उजाडायच्या आत संपवून दहीकाला व्हावा लागतो. नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. कथा सगळ्यांना पाठ, कोणी कधी यायचं ते ठरलेलं, बाकी वाक्यं तिथल्या तिथे. मग वेळ कशी सांभाळायची? "पेटीवाल्यान सूर चढवल्यान काय समजाचा, गुंडाळूक व्हया." पेटीचा सूर चढला की दोन राजांचं वीस मिनिटांचं वाक्‌युद्ध चार वाक्यांत आटपतं. उलट पुढच्या सोंगाची साडी नेसून झाली नसेल, तर तेच युद्ध अर्धा तास लांबतं आणि समोर बसलेल्या कुणाला पत्ता लागत नाही. हे सांगताना तात्या उठून उभे राहिले आणि लांबवायचं कसं ते करून दाखवलं. एकच मुद्दा: "तू कोण?" तो त्यांनी सहा तऱ्हांनी फिरवला. आधी तुच्छतेने, मग उपमा देऊन, मग रामायणातला दाखला काढून, मग समोरच्याच्या बापाचं नाव विचारून. सहाव्या फेरीला ओटीवरची पोरं हसून लोळली.

आरसा कोणी धरत नाही. लहान आरसा मांडीवर ठेवून, मान खाली घालून रंगायचं. म्हणून म्हातारपणी सगळ्यांच्या माना दुखतात.

१४ सप्टेंबर

इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच चालणारं एक मोफत मॉडेल उतरवून तात्यांचं बोलणं त्याच्यापुढे ठेवलं. प्रमाण मराठीत कामचलाऊ, मालवणीत दाणादाण. पाठीमागे कोंबडा आरवला की तिथेही त्याने एक शब्द लिहिला होता. शेवटी हेडफोन लावून सगळं हाताने टाइप करतोय. वेळ जातोय, पण तात्या वाक्य कुठे तोडतात, कुठला शब्द दोनदा घेतात हे बोटांना कळायला लागलंय. हे काम यंत्राने नीट केलं असतं तर मी ते आनंदाने दिलं असतं, हेही लिहून ठेवतो. तत्त्वासाठी केलेलं हे कष्ट नाही.

पहिल्या प्रवेशाचा खर्डा झाला. तो पूर्ण झाल्यानंतरच, कुतूहल म्हणून, तोच प्रसंग सांगून यंत्राकडून एक प्रवेश लिहून घेतला. त्यातलं वाक्य: "हांव आज राजा जाता गो बाय, पण म्हज्या काळजात राणीच आसा!" ही कुडाळची बोली नव्हे, यातलं निम्मं गोव्यातून आलंय. पण बोली दुरुस्त करता येते, मला खटकलं ते वेगळंच. नटाला सोंग बदलल्याचं जे दुःख आहे ते त्याने तोंड उघडताच सांगून टाकलं. माझ्या खर्ड्यात तोच नट म्हणतो, "आज माका राजा केल्यानी. कंबरपट्टो खंय आसा?" आणि पुढची दोन पानं कंबरपट्टा शोधण्यात जातात.

शिवाय दशावतारात राजा आणि देव जडजंबाल संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, आणि मालवणी उरते संकासुराला किंवा सोंग उतरवलेल्या माणसाला. एकच तोंड दोन्ही बोलतं आणि नेमकं कुठे घसरतं त्यावर माझं नाटक उभं आहे. यंत्राने सगळ्यांना सगळीकडे सारखीच मालवणी शिंपडली.

तरी एक धोका जाणवला. त्याचा प्रवेश वाचल्यावर दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तर 'काळजात राणी' डोक्यात घोळत होती. वाईट ओळही कानात बसते. तेव्हा नवा नियम: माझा प्रवेश पुरा होईपर्यंत त्याच प्रसंगावर त्याच्याकडून काहीही मागायचं नाही. अडलो तर दिग्दर्शकाला फोन करायचा. तोही वाईटच ओळी सुचवतो, पण त्या विसरता येतात.

२८ सप्टेंबर

आजची नोंद लांबणार.

नाटकाच्या सुरुवातीला अंधारात एका गेलेल्या दशावतारी कलावंताचा आवाज हवाय. तात्यांचे जोडीदार, राजाचं सोंग करणारे. त्यांच्या मुलाकडे एका प्रयोगाची जुनी कॅसेट निघाली. आवाज खणखणीत, पण खरखर प्रचंड, आणि त्यात आम्हाला उपयोगी पडेल असा तुकडा जेमतेम मिनिटभराचा. आमची ध्वनीची बाजू सांभाळणारी मुलगी हुशार आहे. ती म्हणाली, "दादा, एवढ्या नमुन्यावरून हा आवाज तयार करता येतो. तुम्ही वाक्यं लिहा, ते बोलतील."

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. माझेही चमकले, खोटं कशाला बोलू. नाटकातल्या नटाला त्याच्या मेलेल्या जोडीदाराने नावाने हाक मारायची! थिएटर गार पडलं असतं.

मुलाला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "करा की, बाबांचा आवाज परत ऐकायला मिळेल." म्हणजे परवानगीही आहे. असं झालेलंही आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एका तमिळ गाण्यात एआयने आणले, आणि कुटुंबांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचं सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या अर्जावर, परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. अमेरिकेतल्या नटांनी २०२३ च्या संपात याच दोन गोष्टी मागून घेतल्या: संमती आणि पैसे. या हिशेबाने आमचं प्रकरण स्वच्छ बसतं. मुलाची संमती आहे, मानधन आम्ही दिलं असतं.

रात्री तात्यांना फोन केला. त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर ते रागावले नाहीत, हसले.

"अरे, तेका कोणी कधी वाक्य लिवन दिल्यान नाय. आता मेल्यावर देतलास?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. लिहिलेले संवाद बोलणाऱ्या नटाचा आवाज वापरणं एक वेळ वेगळं. तो आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं बोलतच असतो. या माणसाने जन्मात एकही लिहिलेलं वाक्य रंगमंचावर उच्चारलं नाही. त्याचा आवाज आणि त्याचे शब्द एकाच ठिकाणाहून यायचे, तीच त्याची कला. मी कितीही चांगलं लिहिलं तरी तो आवाज त्याचा उरणार नाही, फक्त त्याचा गळा उरेल.

ठरलं. कॅसेटमध्ये आहे तेवढंच, आहे तसं. त्यातल्या राजाच्या डरकाळीवर नाटक उघडेल. नावाने हाक नाही.

दिग्दर्शक नाराज आहे. म्हणतो, "संमती आहे, कायदा आड येत नाही, प्रेक्षक रडेल. मग अडलंय कुठे?" त्याला म्हटलं, अडलंय माझ्याकडे.

खरखर काढणारं सॉफ्टवेअरही एआयचंच. ते चालेल का? मला चालणार होतं, फिल्टर लावून बघितला. खरखरीबरोबर त्याने झांजही खाल्ली. डरकाळीच्या शेवटी पडणारी झांज गेल्यावर राजा पोकळीत ओरडल्यासारखा वाटायला लागला. मूळच वापरतोय. हा निर्णय कानाचा, नीतीचा नाही.

१२ ऑक्टोबर

पखवाजाचं प्रकरण. नोव्हेंबरात त्रिपुरी पौर्णिमा झाली की कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि चांगला वादक एकही रात्र मोकळा नसतो. आमचा प्रयोग नेमका डिसेंबरात. दिग्दर्शकाने एआयकडून 'दशावतारी पखवाज आणि झांज' असा ट्रॅक करून पाठवला. ऐकायला बरा. फुकट.

माझे दोन आक्षेप. पहिला धंद्याचा. दशावतारात पखवाजी नटाच्या पावलाकडे बघून वाजवतो. नट थांबला की तो थांबतो, नटाने मान वळवली की थाप पडते. ट्रॅक लावला की नटाला त्याच्यामागे पळावं लागणार. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' अशी म्हण असलेल्या माणसांवरचं हे नाटक आणि त्यात राजा स्पीकरच्या तालावर नाचणार, हे मला बघवणार नाही.

दुसरा आक्षेप नाईटच्या, म्हणजे दर प्रयोगामागे वादकाला मिळणाऱ्या, पैशाचा. हे पैसे कुणाच्या तरी घरी जातात. सारांश एआयने लिहिला म्हणून आमच्या गटात कुणाचं ताट गेलं नाही, तो नाहीतर मीच लिहिला असता, वाईट इंग्रजीत. पखवाजाचं तसं नाही. तिथे एक माणूस आहे, त्याला बोलावता येतं आणि त्याला दिले जाणारे पैसे आम्ही वाचवतोय. आता प्रत्येक कामाला मी हाच प्रश्न लावतोय: हे यंत्राने केलं तर कुणाला फोन करायचा राहून जातो?

दिग्दर्शकाचं म्हणणंही नोंदवतो, कारण ते रास्त आहे. गटाची तिजोरी म्हणजे आमच्या पगारातली पदरमोड. तत्त्वं महाग असतात आणि ती सांगणारा बहुधा खर्चाचा तक्ता बघत नाही. मी बघितला. नेपथ्यातली देवळाची कमान रद्द केली. पडवी दाखवायला एक चटई, एक पेटारा आणि एक दिवा पुरतो.

वादक भांडुपला सापडला. एका दशावतारी कंपनीत पूर्वी वाजवायचे, आता मुलाकडे राहतात. पहिल्याच तालमीत त्यांनी आमच्या नायकाला थांबवलं: "तू पाय खालसून उचलतंस, माका थाप खंय मारूची समाजना नाय."

२६ ऑक्टोबर

पोस्टर. एआयच्या चित्रात राजाचा मुकुट दक्षिणेकडचा आणि देवनागरी अक्षरं मोडलेली. वाद घालण्याइतकंही ते चांगलं नव्हतं. गटातल्या एकाने रंगलेल्या चेहऱ्याचा फोटो काढला, दुसऱ्याने बोरूने नाव लिहिलं. झालं.

५ नोव्हेंबर

यंदा त्रिपुरी पौर्णिमा आणि मराठी रंगभूमी दिन एकाच दिवशी आले. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला प्रयोग केला त्याची आज मुंबईत भाषणं, आणि तिकडे जत्रांची सुरुवात. तात्यांचा फोन आला, ते नातवाच्या मोटरसायकलवर बसून नाटक बघायला निघाले होते.

कागदपत्रं केली. तात्यांच्या मुलाखतीची आणि कॅसेटच्या वापराची संमतीपत्रं साध्या मराठीत मीच लिहिली, गटातल्या वकील मैत्रिणीने तपासली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाचा वेगळा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊन नावाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा हक्कही आला. पत्रात एक ओळ मुद्दाम घातली: "हे ध्वनिमुद्रण कोणत्याही यंत्राला आवाज शिकवण्यासाठी वापरलं जाणार नाही." मुलाने सही केली आणि म्हणाला, "पण मी घरी माझ्यासाठी केला बाबांचा आवाज तर?" तो त्याचा प्रश्न. माझी रेघ मी त्याच्या घरात ओढणार नाही.

अशीच एक गोष्ट तालमीत झाली. नायकाने आपल्या पात्राचा पूर्वेतिहास एआयशी गप्पा मारून तयार केलाय, पात्राचं बालपण, आईशी नातं वगैरे. त्यातला एक तपशील मला मुळीच पटला नाही. पण अभिनय त्यामुळे सुधारलाय, हे डोळ्यांना दिसतंय. नटाची तयारी नटाची. मी गप्प बसलो, आणि गप्प बसणं मला जड गेलं.

२३ नोव्हेंबर

नाटक लांबलंय. सलग तालीम तासाच्या वर गेली. दिग्दर्शकाने सरळ विचारलं, "संहिता एआयला देऊन काटछाट सुचवायला सांगू? लिहायचं नाहीये त्याला, फक्त कापायचं." माझ्या नियमात कापण्याबद्दल काहीच नव्हतं. सेवा निवडायची ती आमच्या मजकुरावर मॉडेल न शिकवणारी, आणि तात्यांची वाक्यं काढून ठेवायची, या दोन अटींवर हो म्हटलं.

त्याने कापलेलं बघण्यासारखं होतं. सगळ्या पुनरुक्ती गेल्या. कंबरपट्टा शोधण्याच्या दोन पानांच्या सहा ओळी झाल्या, कारण त्यात 'कथा पुढे सरकत नाही'. "तू कोण?" हा प्रश्न मी तात्यांच्या धर्तीवर सहा वेळा फिरवला होता, त्याने एकदाच ठेवला. प्रत्येक सूचनेला कारण दिलेलं, आणि कारण वाचलं की पटतंही. दोन सूचना खरंच चांगल्या होत्या. बायकोचा फोन येतो तो प्रसंग मी लाडाने ठेवला होता, तो काढला.

उरलेली काटछाट तालमीत झाली. पखवाजी काकांना सांगितलं, जिथे लांबतंय असं वाटेल तिथे थाप द्या. त्यांनी नेमक्या माझ्या आवडत्या स्वगतावर थाप दिली. नट थांबला, माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. दुसऱ्या वेळी तो स्वतःच तिथून आधी निसटला, तीन वाक्यं गाळून, आणि प्रवेश बसला. सहा वेळचं "तू कोण?" मात्र शाबूत आहे. काकांचा हात तिथे पखवाजावर नुसता ठेवलेला असतो.

७ डिसेंबर

पत्रकाचा मजकूर. कलाकार, तंत्रज्ञ वगैरे झाल्यावर मी एक परिच्छेद घातला: सुरुवातीचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणातला आहे, त्यात काहीही तयार केलेलं नाही. इंग्रजी सारांश एआयने केला, लेखकाने तपासला. काटछाटीच्या काही सूचना एआयच्या. दिग्दर्शक म्हणाला, "उद्या चहावाल्याचंही नाव घालशील." चहावाल्याचं नाव होतंच, ऋणनिर्देशात. शेवटी हा परिच्छेद ठेवायचा आणि अक्षर एक पॉइंट लहान घ्यायचं, असं ठरलं.

पुढच्या नाटकासाठी तो आत्ताच म्हणतोय की आवाजाचा प्रश्न पुन्हा काढणार, तेव्हा पात्र काल्पनिक असेल आणि नट जिवंत असेल, मग तुझं काय म्हणणं राहील? मला अजून माहीत नाही. नट कोण आहे त्यावर ठरेल.

पत्रक उद्या छापायला जातंय. पखवाजी काकांची नाईट प्रयोगाच्या दिवशीच द्यायची आहे. तात्यांना मानधन बँकेत नको, रोख हवंय. पुढच्या आठवड्यात जत्रेला गावी जाणारं कोणी आहे का, गटावर विचारलंय.